पक्षी किती ते कळले; पंगतीत उपाशी कोण, तेही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळ्यातल्या पक्षीगणनेचे आकडे आले की वर्तमानपत्रांत दोनच प्रकारच्या बातम्या येतात: पक्षी वाढले किंवा पक्षी घटले. इंदूरच्या सिरपूर आणि यशवंतसागर या तलावांपुरता हा हिशेब बराचसा चालतो. दोन्ही जागा 2022 पासून रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आहेत आणि तिथले पक्षी उघड्या पाण्यावर असल्याने मोजता येतात. शहराजवळच्या रालामंडल, उमरीखेडा किंवा चोरलकडच्या झाडीत मात्र एकूण आकडा फसवतो. जंगलाचे तुकडे पडले की पुष्कळदा पक्ष्यांची संख्या वाढते आणि जंगल तरीही बिघडत जाते. कारण वाढतात त्या साळुंक्या, पोपट, कावळे, टकाचोर, बुलबुल आणि सातभाई. कमी होतात ते खोडावर, बारीक फांद्यांवर आणि पानांमध्ये किडे वेचणारे आठ ते तीस ग्रॅम वजनाचे पक्षी. बेरीज करताना शंभर साळुंक्यांच्या पुढे चार वल्गुल्या (लहान कीटकभक्षी पक्षी) कमी झाल्याचे कुणाला कळणार?

आधी थोडे गणित. रालामंडल अभयारण्य 1989 साली घोषित झाले. क्षेत्र सुमारे 235 हेक्टर. ते अगदी गोल आहे असे धरले आणि बाहेरच्या वस्तीचा, उन्हाचा, वाऱ्याचा आणि कडेच्या पक्ष्यांचा त्रास 100 मीटर आतपर्यंत पोचतो असे मानले, तर खरे आतले जंगल उरते सुमारे 184 हेक्टर. हे ठीक आहे. आता 10 हेक्टरांचा गोल तुकडा घ्या: आतले जंगल जेमतेम 2 हेक्टर. 4 हेक्टरांच्या तुकड्यात जवळजवळ शून्य. 200 मीटर रुंदीची लांबलचक पट्टी असेल, तर ती कितीही लांब असो, तिला ‘आत’ नाहीच, सगळी कडच. आणि मोठ्या तुकड्यातून एक किलोमीटर लांबीचा रस्ता काढला, तर दोन्ही बाजूंचे शंभर-शंभर मीटर धरून 20 हेक्टर जंगलाची कड होते, झाडे मात्र रस्त्यापुरतीच तोडलेली दिसतात. ‘फक्त इतकीच झाडे गेली’ हे सरकारी वाक्य म्हणूनच अर्धे खरे असते.

कडेवर नेमके काय बिघडते हे समजायला झाडावरची वाटणी पाहावी लागते. आपल्या माळव्याच्या पानझडी जंगलात एखाद्या जुन्या ऐनाच्या झाडावर शिलींध्री खोडावर डोके खाली करून उतरते आणि खालून वर चढणाऱ्याला न दिसणाऱ्या सालीच्या खाचा धुंडाळते. सोनपाठी सुतार खोड आणि जाड फांद्या ठोकतो. लहान चणीचा मराठा सुतार वरच्या वाळक्या फांद्यांवर काम करतो. वल्गुली मधल्या फांद्या आणि डहाळ्या तपासते, सुभग पानांच्या झुबक्यात शिरतो, निखार शेंड्याला असतो, नाचण खालच्या थरात शेपटीचा पंखा उघडून किडे उडवतो आणि झेपावून पकडतो, कोतवाल हवेतले टिपतो, सातभाई खाली पाचोळा उलटतात. ही वाटणी चोचीच्या आकाराने जेवढी ठरते तेवढीच शेजाऱ्यामुळेही ठरते. स्वीडनमध्ये 1987 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हिवाळी थव्यांतून कोल टिट आणि गोल्डक्रेस्ट हे दोन लहान पक्षी काढून घेतले, तेव्हा उरलेल्या विलो टिट आणि क्रेस्टेड टिट या जाती फांद्यांच्या बाहेरच्या, पानांच्या भागाकडे सरकल्या. म्हणजे त्या आतल्या बाजूला राहत होत्या त्या आवडीने नव्हे. बाहेरचे अन्न दुसरा आधीच संपवत होता.

स्पर्धा दोन प्रकारची असते आणि उपाय ठरवताना त्या एकमेकींत मिसळू नयेत. पहिली वर सांगितलेली: आधी येऊन खाऊन टाकणे. यात भांडण दिसत नाही. दुसरी हाकलून लावण्याची, आणि तीत साधारणपणे वजन जिंकते. साळुंकी 110 ग्रॅमच्या आसपास, वल्गुली 15, पर्णवटवट्या 8. तुकड्यांच्या जंगलात दुसरी स्पर्धा वाढते, कारण दांडगे पक्षी कडेवरच राहतात. शेत, कचरा, वस्ती आणि जंगल असे चारही ठिकाणचे खाऊन ते आपला आकडा टिकवतात. जंगलात अन्न कमी झाले तरी त्यांचे अडत नाही. ज्यांना फक्त जंगलच आहे, त्यांचे अडते.

ऑस्ट्रेलियात याचे टोक पाहायला मिळते. तिथला नॉइझी माइनर (आपल्या मैनेशी त्याचे नाते नाही) निलगिरीच्या विरळ तुकड्यांत टोळीने राहतो आणि लहान पक्ष्यांना थाराच देत नाही. 2014 साली तिथल्या केंद्र सरकारने या हाकलण्यालाच जैवविविधतेवरचा एक प्रमुख धोका म्हणून नोंदवले. त्याचाच भाऊबंद बेल माइनर. 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका तुकड्यातून बेल माइनर हलवले, तेव्हा इतर कीटकभक्षी पक्षी आत आले, पानांतला रस शोषणारे किडे त्यांनी फस्त केले आणि रोगट झाडे सावरली. एका दांडग्या जातीने बाकीच्यांना बाहेर ठेवले तर झाडेही आजारी पडतात, हे यातून कळते. मात्र यावरून ‘साळुंक्या पकडा’ असा निष्कर्ष काढू नये. नॉइझी माइनर मारण्याचे पुढचे काही मोठे प्रयत्न फसले, कारण रिकाम्या जागेत शेजारचे माइनर लगेच येऊन बसले. जागाच त्यांच्या सोयीची राहिली होती. शिवाय साळुंकी आणि पोपट आपल्या इथले मूळचे पक्षी आहेत आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण त्यांनाही आहे.

आता मिश्र थव्यांबद्दल, कारण आमच्या मते तुकड्याची तब्येत सगळ्यांत आधी इथे कळते. हिवाळ्यात वल्गुली, निखार, सुभग, नाचण, पर्णवटवटे, शिलींध्री आणि एखादा लहान सुतार असे पक्षी एकत्र फिरतात. फायदे दोन. शिक्रा आला तर कुणीतरी आधी पाहतो, त्यामुळे प्रत्येकाला मान वर करून पाहण्यात कमी वेळ घालवावा लागतो आणि चोच जास्त वेळ कामाला राहते. आणि एकाने उडवलेला किडा दुसऱ्याला मिळतो. कोतवाल या दुसऱ्या फायद्यासाठीच थव्याच्या मागे असतो. त्याची थोडी दादागिरीही चालते. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात दुभंगशेपटी कोतवाल खोटा इशारा देऊन इतरांना पळवतो आणि त्यांनी टाकलेला घास उचलतो. त्याच्या अन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा असा चोरीचा असतो, असे तिथल्या अभ्यासात दिसले. तरीही थव्यातले पक्षी त्याला सहन करतात, कारण त्याचे बरेचसे इशारे खरे असतात.

या थव्याला फिरायला जागा लागते. तुकडा लहान झाला की आधी गळतात ते एकाच प्रकारच्या जागी चरणारे: शिलींध्री, लहान निखार, खोडावरचे छोटे सुतार. थवा बारा-पंधरावरून पाच-सहावर येतो. मग उरलेल्या प्रत्येकाला जास्त वेळ टेहळणीत घालवावा लागतो, घास कमी मिळतात, आणि कडेवर आलेल्या साळुंक्यांच्या टोळीपुढे असा थवा टिकत नाही. ब्राझीलमध्ये मनौसजवळ 1979 साली सुरू झालेल्या प्रकल्पात 1, 10 आणि 100 हेक्टरांचे तुकडे मुद्दाम राखून पाहिले गेले. लहान तुकड्यांतले मिश्र थवे लवकरच विस्कटले. भोवतालच्या तोडलेल्या जागेत पुन्हा झाडी वाढू लागली तेव्हा त्यातले काही परतही आले. रालामंडलभोवती पडीक जमीन आहे, तिथे प्लॉट पडण्याआधी हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मोकळी जागा ओलांडण्याबद्दलही आकडे आहेत. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात 1997 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लहान वनपक्ष्यांना ध्वनिमुद्रित आवाज लावून बोलावले. 50 मीटर अंतर झाडीतून कापायला ते जेवढे तयार होते, त्याच्या निम्मेच उघड्यावरून यायला तयार झाले. अंतर 100 मीटर केल्यावर हा फरक आठपट झाला. चौपदरी रस्त्यासाठी मोकळी होणारी पट्टी सहज चाळीस-पन्नास मीटर भरते. या जंगलपट्ट्यातून जाणाऱ्या खंडवा रोडवर रुंदीकरणानंतर दुतर्फा गुलमोहर लावून भागणार नाही. जिथे दोन्ही बाजूंना जंगल आहे तिथे तरी रस्त्याच्या अगदी लगत वड, पिंपळ, करंज, जांभूळ असे पसरणारे वृक्ष लावून वरून फांद्या जुळतील असे पाहावे आणि वीजवाहिन्यांच्या नावाखाली त्यांचे शेंडे दरवर्षी छाटू नयेत. नाल्यांच्या काठची झाडी हा दुसरा दुवा. रालामंडल, उमरीखेडा, सिमरोल, चोरल या ओळीतले नाले काँक्रीटने बांधण्याऐवजी दोन्ही तीरांवर पंधरा-वीस मीटर झाडी राहू दिली तर पक्ष्यांना वाट मिळते.

नाल्यांचे महत्त्व उन्हाळ्यात आणखी वाढते. साग फेब्रुवारी-मार्चपासून निष्पर्ण होतो आणि पावसाच्या तोंडापर्यंत उघडा राहतो. म्हणजे सागाच्या लागवडीत तीन-चार महिने पानांतले किडे जवळजवळ नसतात. पळस आणि सावर फुलतात तोवर मध आणि फुलांवरचे किडे मिळतात. तिथेही शिंजिराला साळुंक्या आणि भांगपाडी मैना हुसकावतात. एप्रिल-मे मध्ये सगळे पक्षी नाल्याकाठच्या हिरव्या जांभूळ-अर्जुन-करंज-उंबरावर गोळा होतात आणि खरी चुरस तिथे होते. सलग जंगलात एक नाला आटला की पक्षी पुढच्या नाल्याला जातात. तुकड्यात पुढचा नाला नसतो. जूननंतर सागावर पाने खाणाऱ्या अळ्या पडतात आणि सगळ्यांनाच पोटभर मिळते, पण वल्गुलीसारख्यांची बरीचशी पिल्ले तोवर वाढून किंवा मरून गेलेली असतात. गणना मात्र आपण डिसेंबर-जानेवारीत करतो, जेव्हा चणचण उन्हाळ्याइतकी जाणवत नाही. मे महिन्यातली एक फेरी हिवाळ्यातल्या तीन फेऱ्यांपेक्षा जास्त सांगेल.

दाण्याविषयी लिहिले की इंदुरात लोक रागावतात, तरी लिहिणे भाग आहे. अभयारण्याच्या फाटकाशी, बायपासच्या कडेला आणि बगीच्यांत ज्वारी-बाजरी टाकणे हे पुण्याचे काम समजले जाते. पण त्या दाण्यावर येतात पारवे, पोपट, साळुंक्या, खारी आणि रात्री उंदीर. आम्ही वर ज्यांची नावे घेतली त्या कीटकभक्ष्यांपैकी एकही येत नाही. आपण कडेवरच्या दांडग्यांना बारमाही शिधा लावून देतो. ते वाढतात, मग आत जाऊन किडे, फळे आणि ढोल्याही घेतात. पोह्या-शेवेची उष्टी पाने सहलीच्या जागी टाकली की कावळे आणि टकाचोर तिथे मुक्काम करतात, आणि हे दोघेही दुसऱ्यांची अंडी-पिल्ले खाणारे. लंडनमधल्या 2014 च्या एका अभ्यासात दाण्याच्या भांड्यापाशी पिंजऱ्यातला पोपट ठेवला, तेव्हा लहान पक्ष्यांचे खाणे कमी झाले आणि टेहळणी वाढली. पोपटाने कुणाला चोच मारली नव्हती, तो फक्त तिथे होता.

पाणी जरूर ठेवा, पण रीतीने. पसरट मातीचे ताट, पाण्याची खोली कडेला एक आणि मध्ये तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. एका जागी मोठे भांडे ठेवले की साळुंक्या कब्जा करतात. त्याऐवजी वीस-तीस मीटरांवर चार-पाच लहान ताटे, सावलीत, झुडपापासून दोन-तीन मीटर दूर. अगदी झुडपालगत ठेवले तर मांजर दबा धरते, फार उघड्यावर ठेवले तर लहान पक्षी येत नाही. रोज पाणी बदलून ताट घासावे, नाहीतर विष्ठेतून रोग पसरतो.

स्वच्छतेत 2017 पासून पहिल्या नंबरावर राहिलेल्या या शहरात आणखी एक गोष्ट बोलायला हवी: पाचोळा. नगर निगमाच्या बगीच्यांत आणि आता जंगलातल्या पायवाटांच्या बाजूलाही झाडून जमीन लख्ख केली जाते. सातभाई, कस्तूर आणि उन्हाळ्यात येणारा नवरंग हे सगळे पाचोळ्याखालच्या किड्यांवर जगतात. रस्ता आणि बाके झाडा; झाडांखालची पाने जिथे पडली तिथेच राहू द्या. पाचोळ्याचे कंपोस्ट करणे इंदूरला शिकवायला नको, त्याची पद्धतच या शहराच्या नावाने जगभर ओळखली जाते. पण सगळाच पाचोळा खड्ड्यात नेला तर जमिनीवरच्या पक्ष्यांचे ताट उचलले जाते. आगीची भीती असेल तिथे पायवाटेपासून तीन-चार मीटरांचा पट्टा साफ केला तरी पुरे.

लागवडीबद्दल. 14 जुलै 2024 रोजी रेवती रेंजवर एका दिवसात 12 लाखांहून जास्त रोपे लावण्याचा विक्रम झाला. विक्रमाचे कौतुक आहे. पुढची देखभाल त्याहून अवघड आहे. एकाच वयाची दाट झाडे वाढली तर खोड सगळीकडे सारखेच बारीक, साल गुळगुळीत, वाळकी फांदी नाही, झुडूप नाही. अशा रानात चरायच्या जागा दोन किंवा तीन. विरळणी करताना ऐन, धावडा, मोई, सालई, मोह, पळस, टेंभुर्णी राखावेत. खडबडीत सालीच्या ऐनावर जेवढे किडे दडतात तेवढे साल टाकणाऱ्या निलगिरीवर दडत नाहीत. खाली बोर, करवंद यांचे पुंजके हवेत. आणि वाळलेले उभे खोड तोडू नये. सुतार त्यात भोक पाडतो आणि पुढची अनेक वर्षे वल्गुली, पिंगळा, दयाळ ते वापरतात. पायवाटेवर पडेल असे खोड फक्त वरून छाटून चार-पाच मीटर उभे ठेवता येते.

घाणेरी (लँटाना हे परदेशी झुडूप) काढायचीच, पण एकदम नाही. आज कित्येक ठिकाणी खालचा थर म्हणून तेवढीच उरली आहे, आणि ती एका झटक्यात साफ केली की नाचण आणि वटवट्यांचा आडोसा जातो, कड आणखी उघडी पडते. दरवर्षी तिसरा हिस्सा, तोही ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जमीन ओली आणि बरीचशी घरटी आटोपलेली असताना. नुसती वरून कापली तर ती दुप्पट जोमाने फुटते. मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार सेंटिमीटरवर तोडून झुडूप उलटे करून ठेवावे, म्हणजे पुन्हा रुजत नाही. मग त्याच मोसमात गवत आणि देशी झुडपांचे बी टाकावे. बुलबुल जिथे बसतात त्या झाडांखाली तिची रोपे पुन्हा उगवतात, म्हणून पुढची दोन-तीन वर्षे तिथे आधी पाहावे.

लाकडी घरट्यांचे वाटप शाळा आणि क्लब उत्साहाने करतात, त्यांच्यासाठी मापे: वल्गुलीसाठी भोक 28 ते 30 मिलिमीटर, तळ 12 सेंटिमीटर चौरस, भोक तळापासून 12 ते 15 सेंटिमीटर वर. बाहेर बसायला काडी लावू नका, तिचा उपयोग हल्लेखोरालाच होतो. भोकाभोवती पत्र्याची चकती हवी, नाहीतर खार किंवा पोपट भोक कुरतडून मोठे करतात. बाजारात मिळणारी 50 मिलिमीटर भोकाची घरटी म्हणजे साळुंकीला आमंत्रण. फळी 18 ते 20 मिलिमीटर जाडीची. पातळ प्लायची पेटी मे महिन्यात पश्चिमेच्या उन्हात पिल्लांना भाजून काढते. तळाला पाण्यासाठी चार बारीक भोके, उंची अडीच ते चार मीटर, तोंड उत्तर किंवा पूर्वेला. जानेवारीपर्यंत टांगा, सप्टेंबरात काढून साफ करा.

शेवटी वन विभागाला आणि गणना करणाऱ्या मंडळींना एक विनंती. नोंदीच्या फॉर्ममध्ये जात आणि संख्या यांच्यापुढे पाच रकाने वाढवावेत: झाडाची जात, पक्ष्याची जमिनीपासूनची उंची, जागा (खोड, जाड फांदी, डहाळी, पान, हवा, जमीन), खाण्याची तऱ्हा (वेचणे, ठोकणे, झेपावणे, उलटणे) आणि कुणी कुणाला हुसकावले. पक्षी दिसताच नोंद करू नये. मनात पाच मोजून मग तो काय करतो ते लिहावे, नाहीतर फक्त उघड्यावर बसलेलेच पक्षी कागदावर येतात. एका पक्ष्याची एकच नोंद, आणि त्याच जातीची पुढची नोंद निदान पन्नास मीटर पुढे गेल्यावर. एका जातीच्या तीसेक स्वतंत्र नोंदी झाल्याशिवाय तुलना करू नये. वेळ सूर्योदयापासून तीन तास. फेऱ्या रस्त्यावरूनच केल्या तर कडच मोजली जाते, म्हणून निम्म्या फेऱ्या कडेपासून पन्नास मीटरांच्या आत आणि निम्म्या शंभर मीटरांच्या पलीकडे आखाव्यात, आणि दोन्हींचे कागद वेगळे ठेवावेत. मिश्र थवा दिसला तर त्यातल्या जाती, प्रत्येकीची संख्या आणि पुढे कोण चालले आहे ते एका ओळीत लिहावे. कागद आणि पेन्सिल यांपलीकडे याला खर्च नाही. मे महिन्याच्या फेरीसाठी हे फॉर्म एप्रिलअखेर छापून बीट गार्डांच्या (वनरक्षकांच्या) हाती पडले पाहिजेत.

आपले,
इंदूरमधील काही पक्षीनिरीक्षक